कापूस, लोखंड आणि वॉटसनचे हॉटेल

मुंबईत काळा घोड्याजवळ, डेव्हिड ससून ग्रंथालयापासून चार पावलांवर, लोखंडी खांबांची एक पाच मजली इमारत उभी आहे. आज तिचे नाव एस्प्लनेड मॅन्शन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत हिंदुस्थानात उतरणाऱ्या गोऱ्या प्रवाशाला ती 'वॉटसन्स हॉटेल' म्हणून माहीत होती. या हॉटेलच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. मार्क ट्वेन इथे राहिला, सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दिसला, जमशेटजी टाटांना इथून परत पाठवले आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले. यांतल्या काही गोष्टींना कागदाचा आधार आहे, काहींना अर्धामुर्धा आहे आणि एक तर केवळ सांगीवांगीवर चालत आली आहे.

या सगळ्या गोष्टी पाहुण्यांच्या आहेत. पैसा कुठून आला, लोखंड कुठून आले आणि पाहुण्यांची उठबस कोणी केली, हे प्रश्न त्यांत येत नाहीत. उपलब्ध साधने या तीन प्रश्नांच्या क्रमाने लावली, तर मुंबईच्या या वास्तूचा धागा थेट वऱ्हाडात, वणी-यवतमाळच्या काळ्या जमिनीत येऊन पोचतो. वऱ्हाडच्या माणसाने हा इतिहास आपला म्हणून वाचावा, यासाठी हा लेख.

पैसा

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा अमेरिकन कापूस अडला. इंग्लंडची नजर हिंदुस्थानकडे वळली. पुढची चार वर्षे मुंबई बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक गाठीला पूर्वी कोणी कल्पिला नसेल असा भाव मिळाला.

हा कापूस मुंबईत पिकत नव्हता. तो गुजरातेतून, खानदेशातून आणि वऱ्हाडातून येत होता. निजामाकडून १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडाच्या आग्नेय टोकाला आजचा यवतमाळ जिल्हा आहे. त्या काळी त्याला वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. वर्धा नदीच्या पलीकडे हिंगणघाटची पेठ होती आणि तिथला कापूस विलायतेच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. ए. सी. लायल यांनी संपादित केलेले १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर, सी. ब्राउन आणि आर. व्ही. रसेल यांचे १९०८ चे यवतमाळ जिल्ह्याचे गॅझेटिअर आणि मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांचे अहवाल, ही या व्यवहाराची सरकारी साधने आहेत. तेजीच्या दिवसांत कुणब्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, ही त्या काळाची एक प्रसिद्ध गोष्ट. ती शब्दशः खरी मानायची गरज नाही. पैसा अचानक आला आणि पाहणाऱ्यांचे डोळे दिपले, एवढे तिच्यातून नक्की कळते.

गाड्यांतून पेठेत आणि पेठेतून बंदरात जाताना या पैशाचा सर्वांत मोठा वाटा मुंबईत थांबला. तिथे बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि बॅकबे रेक्लमेशनचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी जुन्या किल्ल्याचा तट पाडायला घेतला. तटापलीकडच्या मोकळ्या मैदानाला, म्हणजे एस्प्लनेडला लागून नवे रस्ते आखले गेले आणि सरकारने भूखंड लिलावाला काढले. १८६४ च्या लिलावात बोली लावणाऱ्यांत एक होता जॉन हडसन वॉटसन. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कंबरलँडमधला हा माणूस मुंबईत कापडाचा व्यापारी होता. साहेबलोकांना लागणारे कपडे, रेशीम, मोजे, टोप्या हा त्याचा माल.

इथे तारखांकडे नीट पाहायला हवे. लिलाव १८६४ चा, म्हणजे तेजी ऐन भरात असतानाचा. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्यांची दिवाळी वाजली. तेजीचा राजा प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाला. वॉटसनच्या जमिनीचा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा २६ ऑगस्ट १८६७ चा सांगितला जातो, वार्षिक भाडे ९२ रुपये १२ आणे. बांधकामही १८६७ लाच सुरू झाले. जागा तेजीत घेतली आणि इमारत मंदीत उभी राहिली, असा हा क्रम आहे. वॉटसनने स्वतः कापसाचा सट्टा केला, असे इथे म्हणायचे नाही. पण तट पाडून जमीन विकायला काढणारे सरकार, तिच्यासाठी चढाओढ करणारे व्यापारी आणि महागडे विलायती कापड घेणारे गिऱ्हाईक, या तिघांनाही त्या चार वर्षांत कापसाने उभे केले होते. जवळच असलेला विद्यापीठाचा राजाबाई टॉवरही त्याच पैशाचा. प्रेमचंद रायचंदने आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो १८७८ मध्ये पुरा झाला. मुंबईच्या या भागातले दगड आणि लोखंड वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या शेतांचे देणे लागतात.

लोखंड

हॉटेलच्या बांधणीविषयी सर्वांत काटेकोर काम ब्रिटिश वास्तुइतिहासकार जोनाथन क्लार्क यांचे आहे. बांधकामाच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात २००२ मध्ये त्यांचा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. जमिनीतून वर आलेल्या एखाद्या अजस्र पिंजऱ्यासारखी ही इमारत आहे, अशी उपमा त्यांनी लेखाच्या शीर्षकातच दिली आहे. ओतीव लोखंडाचे खांब, घडीव लोखंडाच्या तुळया आणि मधल्या जागेत विटांचे पातळ पडदे असलेली ही वास्तू पाहिली की ती उपमा पटते.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात तो होता, सेंट पॅन्क्रास स्थानकाच्या विशाल छताशीही त्याचे नाव जोडलेले आहे आणि थेम्सवरचा अल्बर्ट पूल त्याचाच. मुंबईसाठीचे लोखंड डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतले गेले आणि सुटे भाग जहाजातून आले. खांबांच्या तळाचा तांबडा दगडही इथला नव्हता. तो कंबरलँडमधल्या पेनरिथचा, म्हणजे वॉटसनच्या मुलखातला होता. विटा, सिमेंट आणि फरशाही इंग्लंडहूनच मागवल्या होत्या. कुर्ल्याचा दगड आणि इथला चुना हाताशी असताना सगळे साहित्य समुद्रापलीकडून आणणे, यात श्रीमंतीचे प्रदर्शन होतेच. त्यासोबत लोखंडाच्या सांगाड्यावर ऑर्डिशचा असलेला विश्वासही होता.

या सांगाड्याचे महत्त्व असे. जुन्या पद्धतीच्या इमारतीत भिंत भार वाहते. जितके मजले जास्त, तितकी खालची भिंत जाड. वॉटसनच्या इमारतीत सगळा भार खांब आणि तुळया वाहतात. भिंत ऊन-पाऊस अडवते, मजला पेलत नाही. आजच्या प्रत्येक उंच इमारतीचे हेच तत्त्व आहे. पॅरिसजवळच्या न्वाझिएल इथली मेनिएर चॉकलेट कारखान्याची लोखंडी सांगाड्याची इमारत १८७१-७२ ची आणि गगनचुंबी इमारतींची आद्य मानली जाणारी शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ ची. लोखंडी सांगाड्याची गोदामे आधी झाली होती. इंग्लंडमधल्या शीअरनेसच्या गोदीत १८६० च्या सुमाराला चार मजली नौकागृह उभे राहिले होते. पण माणसांनी राहावे अशी, बाहेरून आतून लोखंडावर तोललेली बहुमजली इमारत म्हणून मुंबईच्या या वास्तूला जगाच्या बांधकाम-इतिहासात अगदी पुढचे स्थान आहे. सांगाडा १८६९ पर्यंत उभा राहिला आणि फेब्रुवारी १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले.

आतल्या रचनेचे वर्णन ठरलेले आहे. मधोमध काचेच्या छताखाली सुमारे ३० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद चौक, त्याभोवती १३० खोल्या, प्रत्येक मजल्याला रस्त्याच्या बाजूने सलग सज्जे, तळमजल्यावर उपाहारगृह आणि मद्यालय. समोरच्या मैदानावरून येणारा समुद्राचा वारा सज्जातून खोलीत आणि खोलीतून चौकात जावा, अशी ती योजना होती. मुंबईच्या दमट हवेचा विचार करून केलेली ही बांधणी आहे. साहित्य विलायती असले तरी तिची मांडणी इथल्या उन्हाळ्याने ठरवली.

माणसे

हॉटेलच्या आतले जग कसे होते, याचा सर्वांत बोलका लेखी पुरावा मार्क ट्वेनचा. व्याख्यानांच्या जगप्रवासात तो जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरला आणि वॉटसनमध्ये राहिला. त्या प्रवासाचे पुस्तक १८९७ मध्ये निघाले. त्यातले मुंबईच्या कावळ्यांचे वर्णन पुन्हा पुन्हा उद्धृत होते. सज्जाच्या कठड्यावर बसून आपल्याविषयी चर्चा करणारे कावळे त्याने फार मजेत रंगवले आहेत.

पण त्याच पानांच्या आसपास एक वेगळा प्रसंग आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने तो कावळ्यांपेक्षा मोलाचा आहे. खोली दाखवायला आलेल्या धिप्पाड जर्मन माणसाने, काय चुकले हे न सांगताच, एका हिंदी नोकराच्या तोंडावर तडाखा दिला. नोकराने तो निमूट सोसला. ते पाहून ट्वेनला आपले बालपण आठवले. तो अमेरिकेच्या दक्षिणेत, गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढला होता. आपल्या घरी गुलामाला अशीच मारहाण होत असे, तेव्हा ती रीत स्वाभाविक वाटे, तरी मार खाणाऱ्याबद्दल वाईट आणि मारणाऱ्याबद्दल लाज वाटे, हे त्याने तिथेच लिहून ठेवले. एका क्षणात मुंबईचे हॉटेल आणि मिसुरीतले गाव त्याच्या मनात एकत्र आले.

तो प्रसंग कापसाच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचायला हवा. ज्या युद्धाने मुंबईत पैसा ओतला, ते युद्ध गुलामगिरीवरूनच पेटले होते. अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस थांबला, म्हणून वऱ्हाडातल्या कुणब्याच्या कापसाला भाव आला. तीस वर्षांनी, त्या तेजीत घेतलेल्या जागेवर उभ्या असलेल्या हॉटेलात, गुलामांच्या देशातून आलेल्या लेखकाला मालक आणि नोकर यांचे जुनेच नाते दिसले. ट्वेनने हा आर्थिक धागा जोडलेला नाही, तो आपण जोडतो आहोत. पण जोडण्यासाठी लागणारे दोन्ही पुरावे लेखी आहेत.

नोकरांची नावे मात्र फारशी हाती लागत नाहीत. ट्वेनने मुंबईत ठेवलेल्या एका चाकराचे नाव त्याला मूसा असे काहीसे ऐकू आले आणि त्याने ते आपल्या सोयीसाठी बदलून 'सैतान' करून टाकले. पुस्तकात तो चाकर त्याच नावाने वावरतो. पाहुण्यांचे नाव, गाव, बोट आणि तारीख वर्तमानपत्रात छापून येई. पाणी तापवणारे, पंखा ओढणारे, बिछाना घालणारे यांच्या वाट्याला नोंद येते ती अशी, दुसऱ्याच्या विनोदापुरती.

७ जुलै १८९६

ट्वेन गेल्यावर काही महिन्यांनी या हॉटेलात जे घडले, त्याचा आधार सर्वांत पक्का आहे, कारण तो छापील जाहिरातीचा आहे. ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारिअस सेस्टिए ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला. ७ जुलै १८९६ च्या टाइम्स ऑफ इंडियात जाहिरात आली आणि त्याच संध्याकाळी वॉटसन हॉटेलात हलत्या चित्रांचे खेळ झाले. सहा, सात, नऊ आणि दहा अशा चार वेळा, दर माणशी एक रुपया. पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी पहिला जाहीर खेळ झाला होता. म्हणजे सहा-सात महिन्यांत सिनेमा मुंबईत आला. स्थानकात येणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचे दृश्य अशा सहा छोट्या फिती त्या दिवशी दाखवल्या.

हा खेळ फक्त युरोपियनांसाठी होता, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण चित्रपटाचे इतिहासकार दुसरीही गोष्ट सांगतात. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा, मुंबईतले मराठी छायाचित्रकार, या खेळांच्या प्रेक्षकांत होते. त्यांनी विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली आणि रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतल्यावर १९०१ मध्ये झालेल्या त्यांच्या स्वागताचे चित्रण केले. सावे दादांनी खेळ वॉटसनमध्ये पाहिला असेल, तर 'फक्त युरोपियन' हे विधान टिकत नाही. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलले. तिथे तिकीट चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या बैठकीची सोय झाली. या दोन ठिकाणांच्या दरांत फरक का, हे पाहिले तर खरी गोष्ट उमगते. हॉटेलातल्या सरसकट एक रुपयाने बहुतेक हिंदी प्रेक्षक आपोआप बाहेर राहत होते, नॉव्हेल्टीच्या चार आण्यांनी ते आत आले. सिनेमाचा पहिला दिवा वॉटसनमध्ये लागला, पण त्याला हिंदी प्रेक्षक मिळाला तो चार आण्यांच्या बाकावर.

टाटांची गोष्ट

आता ती सर्वश्रुत गोष्ट. जमशेटजी टाटांना वॉटसनने हिंदी म्हणून प्रवेश नाकारला आणि त्यांनी प्रतिज्ञेने ताज बांधले. या प्रसंगाचा समकालीन लेखी दाखला पुढे आलेला नाही. कोणी हॉटेलचे नाव वॉटसन सांगते, कोणी अपोलो बंदराजवळचे पाइक्स सांगते. ताजचा इतिहास लिहिणारे चार्ल्स ॲलन आणि शारदा द्विवेदी यांनीही या कथेविषयी शंका घेतली आहे. हिंदी माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात अपमान सोसावा लागे, हे खरे आहे आणि म्हणूनच ही गोष्ट लोकांना पटली. पण पटणारी गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांत इतिहासलेखकाने अंतर राखले पाहिजे.

जमशेटजींचे जे चरित्र कागदांवरून सिद्ध होते, ते या दंतकथेपेक्षा मोठे आहे. १८६५ च्या पडझडीत टाटांची पेढी बुडाली. तरुण जमशेटजी त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि हातातल्या कापसाच्या हुंड्या रातोरात कवडीमोल झालेल्या त्यांनी पाहिल्या. सट्ट्याच्या कापसाने खाल्लेला हा माणूस पुढे कापसाकडेच परतला, मात्र सट्टा टाळून. मुंबईत गिरणी काढण्याची रीत असताना त्याने कापूस पिकतो तिथे गिरणी न्यायचे ठरवले. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याचा कापूस जवळ, वर्धा खोऱ्याचा कोळसा जवळ आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचलेली रेल्वे हाताशी. या गिरणीने टाटांना जे भांडवल आणि जी पत दिली, तिच्यावर त्यांचे पुढचे बेत उभे राहिले. त्यांत ताजही आले. १८९८ मध्ये अपोलो बंदराची जागा घेतली, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आराखडे केले, इंग्लिश वास्तुविशारद डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले.

वॉटसन आणि ताज यांचे नाते एका अपमानावर तोलण्याचे कारण नाही. दोन्ही वास्तूंच्या मागे कापूस आहे. वॉटसनच्या काळी तो कच्चा माल म्हणून वऱ्हाडातून निघाला आणि परका पैसा होऊन मुंबईत साचला. ताजच्या काळी त्याच कापसाचे सूत नागपुरात निघू लागले होते आणि नफा हिंदी माणसाच्या हाती आला होता. या चाळीस वर्षांतला बदल ताजच्या घुमटापेक्षा मोलाचा आहे.

पडता काळ

ताज उघडल्यावर वॉटसनची रया गेली. विसाव्या शतकात हॉटेल बंद झाले, इमारतीचे नाव आधी महेंद्र मॅन्शन आणि मग एस्प्लनेड मॅन्शन झाले. खोल्यांचे लहान लहान भाग पडले. न्यायालये जवळ असल्याने वकिलांची कार्यालये आली, कुटुंबे आली, तळमजल्यावर दुकाने आली. भाडे जुनेच गोठलेले, त्यामुळे डागडुजीला पैसा कोणी घालीना. सज्जे बंदिस्त झाले, खांब आणि तुळयांवर नवे वजन चढले, सांध्यांत पाणी मुरले. जुलै २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच सुमाराला वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यात आलेल्या १०० वास्तूंच्या २००६ च्या यादीत हिचे नाव घातले. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या परिसरातच ही वास्तू येते. तरीही २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. आयआयटी मुंबईच्या पाहणीने ती पाडण्याकडे कौल दिला, तर वारसा जपणाऱ्या तज्ज्ञांनी सांगाडा दुरुस्त करता येईल, असा आग्रह धरला.

हा आग्रह योग्य आहे. इतिहास लिहिताना आपण भाडेपट्टे, जाहिराती, गॅझेटिअर, प्रवासवर्णने गोळा करतो. वॉटसनच्या बाबतीत या सगळ्यांपेक्षा भरवशाचा दस्तऐवज ती इमारत स्वतः आहे. सांधा कसा जोडला, भार कुठून कुठे उतरवला, वारा कसा खेळवला, हे त्या लोखंडात लिहिलेले आहे आणि त्याची नक्कल कुठल्याही दप्तरात नाही. ओतीव लोखंडाचा खांब वितळवल्यावर तो पुरावा परत मिळवता येत नाही.

ती दुरुस्त झाली, तर तिच्या दारावरच्या फलकावर ट्वेनचे आणि ल्युमिएर बंधूंचे नाव येईलच. सावे दादांचे नावही तिथे हवे. आणि सर्वांत आधी हे लिहावे, की तट पाडून खुल्या केलेल्या या जागेला मोल आले ते कापसामुळे, आणि तो कापूस ज्यांनी पिकवला त्यांच्यात वऱ्हाडचे कुणबीही होते. यवतमाळच्या शाळांत मुंबईचा इतिहास शिकवताना हा धडा पहिला असावा. शहरांच्या वैभवाचा हिशेब खेड्यांपर्यंत नेता येतो, त्यासाठी लागणारे कागद जपलेले आहेत आणि ते वाचणे हे आपले काम आहे.